सुतकातली पाटी

विंचूरचा वाल्मीक विश्वेश गुरुजींच्या पाटावर बसला होता. दिवाकर टोकेकरांनी ते घाटावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि हातातलं काम आटोपून ते तडक घरी आले.

पाय धुतले, उपरणं खुंटीला लावलं. मालिनीने पुढे केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी हातानेच बाजूला सारला. पितृपक्षाची प्रतिपदा होती. एरवी या दिवशी टोकेकर गुरुजी अडीच-तीनच्या आत रामकुंडावरून हलत नाहीत, आणि आता घड्याळात सव्वाअकरा वाजत होते.

"वाल्मीक एकटा नाही," ते म्हणाले. "ओझरचा सोमनाथ, तोही तिकडेच. आणि इंदूरची ती पाच माणसं. तिन्ही घरं माझ्या वहीतली."

"गर्दीत चुकून बसले असतील हो."

"चुकून? विचारलं मी वाल्मीकला. म्हणतो, 'गुरुजी, म्या फोनमधी तुमचंच नाव टाकलं, त्यात ह्यांचं आलं. मला वाटलं तुमच्यातलेच हायेत.' दाखवलं त्यानं मला. नाव दाबलं टोकेकरांचं, उघडलं विश्वेशचं पान. वर पत्तासुद्धा त्याचाच."

मालिनीच्या हातातला तांब्या हातातच राहिला.

तीर्थावरच्या उपाध्यायांच्या घरात वही म्हणजे काय, हे लग्न करून आलेल्या मुलीला पहिल्या वर्षातच कळतं. गावागावांतल्या घराण्यांच्या नोंदी त्या लांबट वह्यांमध्ये असतात. कोण केव्हा आलं, कोणाचं केलं, मुलं किती, नावं काय. वाल्मीकच्या पणजोबांचा अंगठा टोकेकरांच्या वहीत आहे. असा वहीतला यजमान दुसऱ्याने आपल्या पाटावर घ्यायचा नाही, हे कुठे लिहिलेलं नाही, पण घाटावर त्याहून मोठा गुन्हा नाही.

"चार वाजता पारावर सगळे जमतात. तिथे विषय काढतो आज."

"अहो, आधी विश्वेशभाऊजींशी तरी बोला!"

"तीस वर्षं एका ताटात जेवलोय त्याच्याबरोबर. म्हणूनच नाही बोलणार." त्यांनी आपला फोन तिच्यापुढे ठेवला. "हा घे, बघ तुझं ते वेब. चौदसीला सुतकाची पाटी काढून टाकली होतीस ना?"

"काढली. तुमच्यादेखत."

"मग झालं तर. विश्वेशच्या सुनेनं कॉम्प्युटरचा कोर्स केलाय, विसरू नकोस."

ते पुन्हा घाटावर गेले. मालिनी दारात उभी राहिली. पारावर विषय निघाला की काय होतं, ते तिने पाहिलं होतं. अठरा वर्षांपूर्वी शेजारच्या गल्लीतल्या दोन घरांचा असाच विषय निघाला होता. आरोप खोटा होता हे आठवड्याने कळलं, पण पारावर बोललेलं कोणी परत घेत नाही. त्या घरांतल्या बायका आजही एकमेकींच्या हळदीकुंकवाला जात नाहीत. मुलं एका शाळेत शिकली आणि अनोळखी राहिली.

चार वाजायला साडेचार तास होते.

मालिनी संगमनेरची. अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाली, लग्न होऊन पंचवटीत आली, आणि नोकरी करायची राहून गेली ती गेलीच. घर, सोवळं-ओवळं, मुलाचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण. मुलगा नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि हातात दुपारी शिल्लक राहू लागल्या. चार वर्षांपूर्वी तिच्या माहेरच्या नात्यातल्या अमोलने द्वारका चौकाजवळच्या आपल्या ऑफिसात बसून टोकेकरांची वेबसाइट केली. मग तो पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "काकू, किल्ल्या तुमच्याकडे देतो. दुसऱ्या कोणाला देऊ नका." दिवाकरकाका शेजारी बसले होते, तरी किल्ल्या काकूंनाच दिल्या.

तिने दोनशे पानी वही आणली आणि अमोलच्या तोंडचा एकेक शब्द आपल्या भाषेत उतरवून घेतला. डोमेन म्हणजे नाव. ते कायमचं विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीने मिळतं, मुदत चुकवली तर दुसरा घेऊन जातो. त्या नावांची नोंद ठेवणारा तो रजिस्ट्रार. आपली पानं जिथे ठेवलेली असतात ती जागा म्हणजे होस्टिंग. नाव एकीकडे असतं आणि जागा दुसरीकडे, हे तिला पहिल्यांदा पटेचना. मग तिने त्यापुढे लिहिलं, 'माझं नाव टोकेकर, राहते पंचवटीत, तसं.' या नावाचं घर कुठे असं ज्याला विचारायचं, तो नेमसर्व्हर. आणि फॉरवर्डिंगपुढे लिहिलं होतं, 'नाव आपलंच, पण आलेल्याला दुसऱ्या दारी पाठवणे.'

हे शेवटचं कधी वापरावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. पण ऋषिपंचमीला दिवाकर गुरुजींचे चुलतकाका गेले. सगळ्या टोकेकरांना दहा दिवसांचं सुतक. सुतकात उपाध्याय विधी करत नाही, आणि यजमानाला दारातून नुसतं परतही पाठवत नाही. भावकीबाहेरच्या, विश्वासाच्या माणसाकडे त्याला पाठवायचं, ही घाटाची रीत. दारावर खडूने लिहिलेली पाटी लागली, 'आम्हांस सुतक आहे. विश्वेश गुरुजींकडे जावे.'

"वेबवरही लाव तशीच," दिवाकर गुरुजी म्हणाले होते.

तिने रजिस्ट्रारचं पॅनल उघडलं. त्यात तिला दोन प्रश्न विचारले गेले. पहिला, मास्किंग हवं का? म्हणजे वर नाव टोकेकरांचंच दिसेल आणि आत पान विश्वेश गुरुजींचं. ते तिने लगेच नाकारलं. आपण कोणाच्या पाटावर बसतोय, ते यजमानाला दिसलंच पाहिजे. दुसरा प्रश्न, पर्मनंट की टेम्पररी? इथे ती थोडी थांबली. टेम्पररी दाबलं आणि ते चौथ्याच दिवशी आपोआप निघून गेलं तर? सुतकात यजमान दारात येऊन उभा राहायचा. त्यापेक्षा पर्मनंट घट्ट बसेल, दहाव्या दिवशी आपल्या हाताने काढू. तिने पर्मनंट दाबलं, आपल्या आणि गुरुजींच्या फोनवर नाव उघडून पाहिलं, बरोबर विश्वेश गुरुजींचं पान आलं, आणि ती स्वयंपाकाला लागली. चौदसीला, ठरल्याप्रमाणे, खडूची पाटी पुसली आणि वेबवरचीही काढली.

आता तिने गुरुजींच्या फोनवर नाव दाबलं. विश्वेश गुरुजींचं पान. आपल्या फोनवर दाबलं. तेच.

लॅपटॉप उघडून ती पॅनलमध्ये गेली. फॉरवर्डिंगचा रकाना रिकामा होता. पाटी निघालेलीच होती. तिने लॅपटॉपवरच साइट उघडली, आणि समोर टोकेकरांचं पान आलं. दिवाकर गुरुजींचा फोटो, वहीचा फोटो, सगळं जागच्या जागी.

एकच नाव, एकाच घरात दोन ठिकाणी जात होतं.

रजिस्ट्रारच्या मदतीच्या नंबरवर अर्धा तास संगीत वाजलं. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कोणताही बदल सगळीकडे पोहोचायला अठ्ठेचाळीस तास लागू शकतात. आपण वाट पाहा."

"अहो, बदल करून दोन दिवस झाले. आणि माझ्याकडे तीन तास आहेत."

"आपण वाट पाहा, मॅडम."

मालिनीने फोन ठेवला. ओट्यावर भिजवलेली डाळ तशीच होती. तिला एकदम तेजश्री आठवली, विश्वेश गुरुजींची सून. गेल्या वर्षी वटपौर्णिमेला तिने विचारलं होतं, "काकू, तुमच्या साइटचे पासवर्ड वगैरे तुम्हीच ठेवता?" तेव्हा तिचं कौतुक वाटलं होतं. आता तेच वाक्य कानात निराळंच वाजलं. गुरुजी म्हणतात ते खरं असलं तर? तिने पासवर्ड बदलला. नवा टाइप करताना बोट दोनदा चुकलं.

मागच्या दाराची कडी वाजली. दर्भ आणि पळसाची पानं आणून देणारी कुसाबाई डोक्यावरची पाटी उतरवत होती.

"वहिनी, तोंड का असं उतरलंय? जेवला नाय का?"

"कुसाबाई, तुझा फोन दे गं जरा."

"घ्या की. काच फुटलीय, बोट कापून घेशाल." तिने कमरेचा फोन काढून पुसून दिला.

मालिनीने नाव टाकलं. फुटक्या काचेमागून दिवाकर गुरुजी तिच्याकडे बघत होते. स्वच्छ टोकेकरांचं पान.

"कुसाबाई, आमची साइट याआधी कधी उघडली होतीस?"

"मी? मला नातीचे फोटो उघडता येतात, तेवढंच लय झालं!"

मालिनी पाटावर बसली. तेजश्रीने नावात काही केलं असतं, तर कुसाबाईचा फोनही तिकडेच गेला असता. म्हणजे बिघाड नावात नाही. बिघाड फोनांत आहे, आणि तोही काहीच फोनांत. आपल्या. यांच्या. वाल्मीकच्या.

तिने वाल्मीकला फोन लावला.

"बोला माई."

"वाल्मीक, आमचं नाव फोनमध्ये पहिल्यांदा कधी टाकलंस रे?"

"आज सकाळीच की, घाटावर."

"त्याच्याआधी?"

"त्याच्याआधी..." तो आठवत राहिला. "हां, गौरी गेल्या ना, त्याच्या दुसऱ्या दिशी. तारीख बघाया. तवा तुमचं सुतक चालू होतं म्हणं. का हो माई, काय चुकलं का माझं? गुरुजी लय रागावल्यासारखे दिसले."

"तुझं काही नाही चुकलं."

सुतकाच्या दहा दिवसांत ज्यांनी दार वाजवलं, तेच फोन अजून तिकडे जात होते. का जात होते ते कळत नव्हतं, पण आता तेजश्रीचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून गेला होता आणि त्या जागी आपलाच येऊ घातलाय, हे तिला दिसू लागलं होतं.

अमोलने चौथ्या वेळी फोन उचलला. दीड वाजून गेला होता. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"काकू, तीनशे एक लावलं होतं की तीनशे दोन?"

"आकडे नव्हते रे. शब्द होते."

"पर्मनंट का टेम्पररी?"

मालिनीने पॅनलमधला तो रिकामा रकाना पुन्हा पाहिला.

"काकू?"

"पर्मनंट."

पलीकडे अमोलने श्वास सोडला. "तिथेच आहे सगळं. टेम्पररी म्हटलं, की फोन दर वेळी तुमच्या दारावर येऊन विचारतो, आज कुठे जाऊ? पर्मनंट म्हटलं, की तो एकदाच विचारतो आणि लक्षात ठेवतो. पुन्हा तुमच्या दारावर येतच नाही, परस्पर तिकडे जातो. तुम्ही पाटी काढलीत, पण ती बघायला तो येणार कशाला?"

"म्हणजे मी त्यांना सांगितलं, की हे घर कायमचं तिकडे गेलं."

"तसंच."

"तेजश्रीनं काही केलेलं नाही."

"ती कोण? नाही, तिचा काय संबंध? तिला यात काही करताच येणार नाही."

मालिनीने डोळे मिटले. मघाशी बदललेला पासवर्ड तिच्या बोटांत टोचत होता.

"आता उपाय सांग."

"ज्याच्या-त्याच्या फोनमधून ती आठवण पुसायची. तुमच्या दोघांच्या फोनचं मी सांगतो, दोन मिनिटांचं काम आहे."

"आणि बाकीच्यांचं? दहा दिवसांत कोण कोण येऊन गेलं, मला काय ठाऊक?"

"मग एकच. ते सगळे आता जिथे पोहोचतात, तिथे पाटी लावायची. विश्वेश गुरुजींच्या पानावर. 'टोकेकरांचे यजमान असाल तर इथे दाबा.' पण जुना पत्ता देऊ नका, फोन पुन्हा फिरवेल. नवा पत्ता काढू. सबडोमेन, म्हणजे त्याच नावाला पुढे एक शब्द जोडायचा, घराला दुसरं दार असावं तसं. कोणता शब्द घेऊ?"

"वही," मालिनी म्हणाली.

तो सांगत गेला, ती रकाने भरत गेली. एका ठिकाणी टिंब राहिलं, पुन्हा भरावं लागलं. मग वाट पाहणं. अडीच वाजता तिच्या स्वतःच्या हट्टी फोनवर 'वही' जोडलेलं नाव उघडलं आणि टोकेकरांचं पान आलं. सकाळपासून मनासारखं झालेलं ते पहिलं काम.

पण दार नुसतं असून काय उपयोग? त्याची पाटी विश्वेश गुरुजींच्या भिंतीवर लागायला हवी होती. आणि त्यांच्यावर आरोप व्हायला दीड तास होता.

एक विचार मनात येऊन गेला, सगळं सांगायलाच हवं का? गुरुजींचा फोन पुसून त्यांच्या हातात द्यावा, म्हणावं, झालं हो नीट, काहीतरी तांत्रिक होतं. पण मग सकाळचं वाल्मीकचं काय? पारावर ते निघालंच असतं, आणि तांत्रिक या शब्दाआड तेजश्रीचंच नाव सगळ्यांच्या मनात राहिलं असतं. तिने लुगडं बदललं नाही, केसांवरून हात फिरवला आणि चपला घातल्या.

विश्वेश गुरुजींचं घर दोन गल्ल्या सोडून. ते नुकतेच जेवून उठले होते. मालिनीने पुढच्या खोलीत उभ्यानेच सांगितलं. सुतक, पाटी, पर्मनंट. मध्ये कुठेही 'पण' घातला नाही. तेजश्री आतल्या दारात येऊन उभी राहिली.

विश्वेश गुरुजी सुपारी कातरत होते.

"वहिनी, सकाळी दिवाकर माझ्यासमोरून गेला. मी हाक मारली. थांबला नाही." अडकित्ता खाली ठेवला. "वाल्मीकला मी म्हटलं, सुतक संपलं, तिकडे जा. तो म्हणे, फोनमध्ये तुमचंच आहे. मला वाटलं, दिवाकरची अजून काही अडचण असेल, त्यानंच पाठवला असेल. विचारायला पाहिजे होतं. हातात पिंड होते."

ते उठले, देवघराच्या फडताळातून दोऱ्याने बांधलेले सुटे कागद काढून तिच्यापुढे ठेवले. गाव, नाव, कोणाचं केलं, मुलं. त्या दहा दिवसांतले आणि आजचे सगळे यजमान.

"माझ्या वहीत एकही घेतलेला नाही. दिवाकर आला की द्यायचे होते."

मालिनीने कागद उचलले. मग ती तेजश्रीकडे वळली. "आणि तुझी वेगळी माफी मागायची आहे. मघाशी मी तुझ्यावर संशय घेतला. पासवर्डसुद्धा बदलला."

तेजश्रीचा चेहरा लाल झाला. रागाने की कशाने, कळलं नाही. "बदललात ते बरंच केलंत," ती कोरडेपणाने म्हणाली. "काय लिहायचं पाटीवर, सांगा."

पाटी लागेपर्यंत चारला दहा कमी. दिवाकर गुरुजींचा फोन मालिनीच्या पिशवीत. त्यांना कळवायला आता पायांखेरीज दुसरं काही नव्हतं.

"मी येतो," विश्वेश गुरुजी उठले.

"नको भाऊजी. तुम्ही आलात तर तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. उत्तर माझं आहे."

पारावर घरच्या बायका जात नाहीत. कोणी बंदी घातलेली नाही, जात नाहीत इतकंच. मालिनी घाटाच्या पायऱ्या उतरून आली तेव्हा दहा-बारा जण बसले होते आणि दिवाकर गुरुजी उभे होते. उपरणं सावरून ते बोलायला सुरुवात करत होते. "एक विषय आहे. आपल्यातल्याच एकानं..."

"अहो, थांबा."

सगळ्या माना वळल्या. दिवाकर गुरुजींच्या कपाळावर आठी चढली. "घरी काही झालंय का?"

"झालंय. विषय तुमचा नाही, माझा आहे." ती पाराजवळ आली. "सुतकात मी वेबवर पाटी लावली. त्यात मला विचारलं होतं, तात्पुरती की कायमची. मी कायमची म्हटलं. चौदसीला पाटी काढली, पण ज्यांनी ती वाचली होती त्यांचे फोन आता आपल्या दारावर येतच नाहीत. वाल्मीक म्हणून तिकडे गेला. यात दुसऱ्या कोणाचा हात नाही."

"पाटी पुसल्यावर कशी काय राहील?" एका वृद्ध गुरुजींनी विचारलं.

"दारावरची पुसली, काका. वाचणाऱ्याच्या मनातली राहिली."

कोणीतरी हसलं. दिवाकर गुरुजी हसले नाहीत. त्यांचा चेहरा आधी तापला, मग उतरला. चारचौघांत बायकोने थांबवलं याचा राग होता, आणि थांबवलं नसतं तर तोंडातून काय गेलं असतं, तेही त्यांना दिसत असावं. मालिनीने पिशवीतून कागदांचं बंडल काढून त्यांच्या हातात दिलं. विश्वेशचं अक्षर ते तीस वर्षं ओळखत होते. पहिला कागद वाचला, दुसरा वाचला.

"काय तो विषय, दिवाकर?" वृद्ध गुरुजी म्हणाले.

"काही नाही. नव्हताच."

दोघं पायऱ्या चढून वर आली. घराकडच्या वळणावर ती वळली, ते सरळ गेले, विश्वेशच्या गल्लीत.

ते दोघे सहाच्या सुमाराला आले. तिथे काय बोलणं झालं ते मालिनीने विचारलं नाही, पुढेही कधी विचारलं नाही. दिवाकर गुरुजींनी वही उघडली. विश्वेश गुरुजी एकेक कागद वाचत गेले, ते लिहीत गेले. मध्येच दोघांचा एका आडनावावरून वाद झाला, आवाज चढले, आणि तिला स्वयंपाकघरात बरं वाटलं.

"अगं," दिवाकर गुरुजींनी मान वर न करता हाक दिली, "सकाळचं ते पाणी आण. दोघांना."

तिने दोन पेले भरून ठेवले.

"किती झाले?" तिने विचारलं.

"एकोणीस," विश्वेश गुरुजी म्हणाले. "हे घाटावर आलेले. नुसतं फोनवर बघून गेलेले किती, देव जाणे. कोणी आला की मी आणून सोडीन."

मालिनी आत आली आणि तिने आपली दोनशे पानी वही काढली. फॉरवर्डिंगच्या ओळीखाली जागा होती. तिथे तिने लिहिलं, 'सुतकात टेम्पररी. ते आपोआप निघत नाही.' आणि त्याखाली नवा पासवर्ड लिहायला घेतला, पण थांबली. तो संशयापोटी ठेवलेला होता. तिने तो पुन्हा बदलला. या वेळी बोट चुकलं नाही.